यंत्र फॉरमॅट करू नका, उशीर झाला तरी कळवा

प्रश्न : मी एका नगरपरिषदेत कंत्राटी संगणक चालक आहे. चार दिवसांपूर्वी सकाळी मालमत्ता कराच्या संगणकावरची एकही फाईल उघडेना आणि पडद्यावर पैशांची मागणी झळकत होती. वरिष्ठ तोंडी सांगतात, ‘बाहेर बोलू नका, यंत्र फॉरमॅट करा. दिल्लीपर्यंत गेलं तर तुमच्यावरच शेकेल.’ अशा वेळी केंद्र सरकार मदत करते का? मी कळवले तर अडचणीत येईन का?

उत्तर : ताई, हे वाचत असाल तोवर ते यंत्र फॉरमॅट झालेले नसावे, एवढीच माझी इच्छा आहे. झाले नसेल तर त्याला हात लावू नका. नेटवर्कची केबल काढा, वायफाय तोडा, बॅकअपची डिस्क त्याला जोडू नका. पडद्यावरच्या मजकुराचे फोटो तारीख-वेळेसह काढून ठेवा. यंत्र अजून चालू असेल तर चालूच राहू द्या, कारण हल्ल्याच्या काही खुणा फक्त मेमरीत असतात आणि वीज गेली की पुसल्या जातात.

‘दिल्ली’ म्हणजे इथे सर्ट-इन. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७०ब नुसार सायबर घटनांसाठी नेमलेली ही केंद्राची संस्था आहे. तिने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे रॅन्समवेअरसारखी (फायली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या व्हायरसची) घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. हे बंधन खासगी कंपन्यांइतकेच सरकारी संस्थांनाही आहे. तुमच्याकडे चार दिवस उलटले आहेत. तरीही कळवा. उशिराचे कारण देता येते, लपवाछपवीचे देता येत नाही. सगळा तपशील हाती नसला तरी चालतो. आहे तेवढे आधी पाठवा, बाकीचे मागाहून.

वरिष्ठांनी घातलेली भीती उलटी आहे. तुमच्या संगणकावर हल्ला झाला, याबद्दल कलम ७०ब शिक्षा ठेवत नाही. सर्ट-इनने मागितलेली माहिती दिली नाही किंवा तिचे निर्देश पाळले नाहीत, तर एक वर्षापर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पूर्वी ही दंडाची मर्यादा एक लाख होती, २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती वाढली. आणि त्यातही सर्ट-इनच्या अधिकृत अधिकाऱ्याने तक्रार केल्याखेरीज न्यायालय दखल घेत नाही.

कळवण्याची जबाबदारी मुळात नगरपरिषदेची, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांची. म्हणून आजच एक टिपणी लिहा : काय दिसले, कधी दिसले, कोणाला सांगितले, फॉरमॅट करण्याची तोंडी सूचना कोणी दिली, आणि पुढचा आदेश लेखी मिळावा. आवक क्रमांक घ्या, पोच जपून ठेवा. माझ्या मते तुमचे खरे संरक्षण हा एक कागदच करील. त्यानंतरही कोणी हलले नाही, तर सर्ट-इनच्या २०१३ च्या नियमांतील नियम १२ बाधित व्यक्तीलाही कळवण्याची मुभा देतो. त्या कळवण्यात घटनेपुरते लिहा, नागरिकांची नावे किंवा आधार क्रमांक टाकू नका. कंत्राटाच्या नूतनीकरणात कोणी आकस धरणारच नाही, असे मी सांगणार नाही. पण पुरावा पुसण्यात तुमचा हात दिसला तर परिस्थिती याहून फार वाईट होईल. गुन्हेगाराला वाचवण्याच्या हेतूने पुरावा नाहीसा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली गुन्हा आहे. तुमचा हेतू तसा नाही, हे मला पटते. ते चौकशीत पटवून देण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये.

आता केंद्राची मदत. सर्ट-इन हल्ल्याचे विश्लेषण करते, काय बंद करायचे आणि काय तपासायचे ते सांगते, इतर यंत्रणांशी समन्वय साधते. तिच्या यादीवरचे सायबर सुरक्षेचे लेखापरीक्षक नेमता येतात, पण त्यांचे शुल्क नगरपरिषदेलाच भरावे लागते. सायबर स्वच्छता केंद्राची व्हायरस काढण्याची साधने मोफत आहेत. मात्र फायली परत मिळवून देण्याची हमी कोणी देत नाही, आणि नुकसानभरपाई किंवा अनुदान मागण्याचा हक्क कलम ७०ब मध्ये नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस आणि स्थानिक स्वराज्य हे दोन्ही विषय राज्यांकडे आहेत. त्यामुळे गुन्ह्याचा तपास राज्याचे पोलीसच करणार. सर्ट-इनला कळवले म्हणजे एफआयआर झाला, असे होत नाही.

तेव्हा माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ सह ६६ (तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही) आणि खंडणीसाठी न्याय संहितेचे कलम ३०८ यांखाली मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने फिर्याद द्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाचा किंवा त्यावरचा अधिकारीच करतो. हार्ड डिस्क पंचनामा करूनच ताब्यात द्या आणि तिची हॅश किंमत (डिस्कवरच्या माहितीचा जणू डिजिटल ठसा) नोंदवून घ्या. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात ती लागते.

पैसे देऊन मोकळे व्हावे, असा विचार कार्यालयात चालला असेल तर टिपणीत विरोध नोंदवा. तो करदात्यांचा पैसा आहे, लेखापरीक्षणात त्याचे समर्थन कोणालाच करता येणार नाही, आणि पैसे देऊनही फायली उघडतीलच असे नाही.

त्या फायलींत हजारो घरांची कराची थकबाकी, फोन क्रमांक, पत्ते आहेत. कराच्या पावत्यांची कागदी पुस्तके आणि जुन्या मागणी नोंदवह्या कुठे आहेत, ते आजच पाहून ठेवा. उद्या ‘तुम्ही कर भरलाच नाही’ अशी नोटीस एखाद्याच्या दारी गेली, तर त्याच्या हाती दुसरा आधार नसेल.