वाचक विचारतात : ‘गानं सुरू कवा होते बा?’

प्रश्न : आर्णी तालुक्यातील गावांत लग्नसराईत मी डीजे लावतो. यंदा पुण्यात नोकरी करणाऱ्या एका नवरदेवाने स्वागत समारंभासाठी प्रोग्रेसिव्ह हाउसचे नवे ट्रॅक पेनड्राइव्हमध्ये भरून दिले. दोन लग्नगीतांच्या मध्ये मी त्यातला साडेसात मिनिटांचा एक लावला. तीन मिनिटांत नाचणारे मांडवाच्या कडेला जाऊन बसले आणि एका काकांनी विचारले, “गानं सुरू कवा होते बा?” चूक ट्रॅकची की माझी? मला लॅपटॉपवर असे संगीत तयारही करायचे आहे.
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : काकांचा प्रश्न रास्त आहे, ज्या मुखड्याची ते वाट पाहत होते, तो त्या ट्रॅकमध्ये बहुधा नव्हताच. हाउस हे यंत्रांवर तयार होणारे नाचाचे संगीत १९८० च्या दशकाच्या आरंभी शिकागोच्या क्लबांत घडले. प्रोग्रेसिव्ह हाउस ही त्याची ब्रिटनमध्ये वाढलेली शाखा असून ते नाव १९९२ मध्ये ‘मिक्समॅग’ मासिकातून रूढ झाले, आणि साशा व जॉन डिगवीड या डीजेंच्या सलग, दीर्घ वादनाने तिला प्रतिष्ठा मिळाली.

आपल्याकडच्या खंजिरी भजनात लय चढत जाते आणि तिच्याबरोबर मंडळीही चढतात. प्रोग्रेसिव्ह हाउसमध्ये लय चढत नाही. मिनिटाला साधारण १२० ते १२६ ठोके, प्रत्येक मात्रेवर किक, म्हणजे ड्रमचा खालचा ठोका, आणि ही गती शेवटपर्यंत तीच राहते; वाढतो तो फक्त भरणा. आधी नुसती किक, मग हाय-हॅट (झांजेचा बारीक ठोका), मग बास (खर्जाचे स्वर), आणि मग एखादा दबलेला स्वर, जो फिल्टर, म्हणजे आवाजाची चाळणी, हळूहळू उघडत गेल्याने दार किलकिले व्हावे तसा स्वच्छ होत जातो. १२४ च्या गतीला चार मात्रांची ३२ आवर्तने वाजायला सुमारे एक मिनिट लागते आणि मोठे बदल बहुधा अशाच टप्प्यांवर येतात, म्हणजे आपले पाहुणे जेमतेम तिसऱ्या पायरीवरून परतले. त्यातही सुरुवातीचा केवळ तालाचा भाग श्रोत्यांपेक्षा आपल्यासाठी अधिक असतो, कारण आधीच्या ट्रॅकचे शेपूट त्यावर जुळवायचे असते. एकच ट्रॅक दोन लग्नगीतांच्या मध्ये लावणे, ही चूक मात्र आपली.

जागेचाही दोष आहे. क्लब म्हणजे बंद खोली. तेथे भिंती बास धरून ठेवतात. वावरातल्या मांडवात धरायला काहीच नाही आणि उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणून बासच्या पेट्या चार कोपऱ्यांत न विखुरता नाचण्याच्या जागेसमोर एकत्र मांडाव्यात. आवाज वाढवत नेणे हा उपाय नव्हे, आणि रात्री १० नंतर उघड्यावर भोंगा लावण्यास मनाई आहेच.

एक सावधगिरी बाळगावी. २०१० च्या सुमारास मोठ्या महोत्सवांतली, गायन असलेली जोशपूर्ण गाणीही याच नावाने विकली गेली; आविची या डीजेची गाणी हे त्याचे ठळक उदाहरण. नवरदेवाला यांतले कोणते हवे आहे, ते आधी विचारून घ्यावे. क्लबसाठीचा संथ, गहिरा प्रकार समजून घ्यायचा असेल, तर अर्जेंटिनाचा डीजे हर्नान कॅटानेओ याचे दीर्घ वादन ऐकावे.

स्वतः तयार करताना किक आणि बास यांना एकमेकांच्या अंगावर येऊ देऊ नये; किक पडताच बास क्षणभर दबेल, अशी साइडचेनची जोडणी करावी आणि खालचे स्वर मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना एकसारखे, ठेवावेत. पत्र्याच्या शेडमध्ये ऐकून मात्र निर्णय घेऊ नये: पत्रे थरथरतात, बास भरपूर झाल्यासारखा वाटतो आणि उघड्यावर तोच ट्रॅक पोकळ निघतो.

पुढच्या समारंभात साडेआठच्या सुमारास, पंगती उठू लागल्यावर, सलग अर्धा-पाऊण तास राखून ठेवावा. आरंभ १२० ठोक्यांच्या ट्रॅकने करावा आणि पुढचा ट्रॅक आधीच्याखाली निदान मिनिटभर वाजू द्यावा. मात्र दोन्हींचे बास एकदम चालू ठेवू नयेत.