वाचक विचारतात: वाड्यातली १९३८ची शेव्हरोले

प्रश्न: ओळखीच्या एका कुटुंबाने १९३८ची शेव्हरोले मास्टर डीलक्स, चार दारांची सेडान विकायला काढली आहे. बरीच वर्षं वाड्याच्या तळमजल्यावर झाकून ठेवलेली. रंग मूळचा, आतलं कापडही मूळचं, असं ते सांगतात. ‘तुम्ही या, बॅटरी लावून लगेच चालू करून दाखवतो’ असा निरोप आहे. जाऊन काय काय बघावं?
– एक वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर: आधी फोन करून सांगा, की बॅटरी लावू नका. या इंजिनात व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये असतात आणि लांब पुशरॉडने उघडतात. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत एखादा व्हॉल्व्ह गाईडमध्ये, म्हणजे त्याच्या नळीत, चिकटलेला असतो. स्टार्टर फिरला की पुशरॉड वाकतो. रिंग सिलिंडरला गंजून धरलेल्या असल्या तर त्या तुटतात. दोन सेकंदांच्या हौसेपायी इंजिन उघडायची वेळ येते.

गाडी जवळून बघायची ती खालून वर. वडोदऱ्यात पहिला संशय पाण्याचा घ्यावा. ३१ जुलै २०१९चा पाऊस आणि ऑगस्ट २०२४मधला विश्वामित्रीचा पूर यांत शहराच्या बऱ्याच भागांत तळमजल्यांवर पाणी होतं. वरून पुसलेली गाडी कोरडी दिसते, पण गाळ लपत नाही. पुढची गादी उचलून स्प्रिंगांच्या मुळाशी बघा. दारांच्या खालच्या कडेला पाणी निथळायची भोकं असतात, त्यांत तार घालून बाहेर काय येतं ते बघा. डिकीतल्या स्टेपनीची जागा, हेडलाइटच्या वाटीचा तळ, डॅशबोर्डामागची कापडी आवरणाची वायरिंग तपासा. सारख्याच उंचीवर पिवळसर रेघ दिसली, तर मागच्या अ‍ॅक्सलचा ऑइल भरायचा प्लग सैल करून बोट घाला. ऑइल दुधाळ असेल तर पाणी आत गेलं आहे, आणि मग गिअरबॉक्स, व्हील बेअरिंग हा सगळा खर्च तुमच्या डोक्यावर.

बॉडीच्या बाबतीत १९३८चं साल सोयीचं आहे. १९३६पर्यंतच्या शेव्हरोलेत पत्र्याखाली लाकडी सांगाडा असे आणि आपल्याकडच्या वाळवीला तो फार आवडतो. १९३७पासून बॉडी पूर्ण पोलादी झाली. त्यामुळे इथे गंज शोधायचा: दारांखालचे सिल, मागच्या मडगार्डचा सांधा, फ्लोअरचे कोपरे. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवा; जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. दार अर्धवट उघडून हलकेच वर उचला. बिजागरीत खेळ असेल तर तो पिन बदलून जातो. पण बिजागरीचा खांबच हलत असेल तर बोलणी थांबवा.

पुढून बघताना गाडी एका बाजूला झुकली आहे का? डीलक्समध्ये ‘नी-अ‍ॅक्शन’ सस्पेन्शन आहे. स्प्रिंग तेल भरलेल्या बंद डब्यात असते. सील गेलं की तेल गळतं, आतले भाग कोरडे झिजतात. हे काम जाणणारे कारागीर थोडे, म्हणून ही दुरुस्ती किमतीतून वजा करूनच बोला. (साध्या मास्टर मॉडेलला पुढे पाटे असतात, तिथे हा प्रश्न येत नाही.) ब्रेक हायड्रॉलिक आहेत, पण मास्टर सिलिंडर एकेरी. एका चाकाशी गळती झाली की चारही ब्रेक जातात. इतकी वर्षं उभ्या गाडीत चारही चाकांचे सिलिंडर, रबरी होज आणि मास्टर सिलिंडर नवं करायचंच असं धरून चाला. टायर ६.०० × १६ मापाचे, म्हणजे जुन्या जीपचे. मिळतात. त्यावर घासाघीस नको.

व्यवहार ठरत आला आणि इंजिन तपासायचंच झालं, तर सहाही प्लग काढा. प्रत्येक भोकात इंजिन ऑइल आणि डिझेल निम्मेनिम्मे मिसळून साधारण १५ मिलि घाला आणि दोन दिवस तसंच ठेवा. मग रॉकर कव्हर काढून इंजिन हँडलने हळू फिरवा आणि व्हॉल्व्ह दाबणारे बाराही रॉकर खाली जाऊन परत वर येतात का ते बघा. सगळे हलले की सम्प, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, खाली उतरवून साफ करा, नवं ऑइल भरा. पेट्रोल जुन्या टाकीतून देऊ नका, वेगळ्या डब्यातून द्या. स्टार्टरला हात त्यानंतर. आणि गाडी ६ व्होल्टची आहे हे विसरू नका. १२ व्होल्टच्या मानाने दुप्पट करंट लागतो. कोणी बाजारातली बारीक केबल लावली असेल तर चांगला स्टार्टरही रडतो. किमान ५० चौरस मिलिमीटरची जाड तांब्याची केबल हवी.

प्रश्न: त्याच गाडीचं आर.सी. बुक विकणाऱ्यांच्या आजोबांच्या नावे आहे, नंबर जुना तीन अक्षरी. आजोबा हयात नाहीत. पुढे काय करावं?

उत्तर: आजोबांच्या नावावरून गाडी थेट तुमच्याकडे येत नाही. आधी वारसाने फॉर्म ३१ भरून ती स्वतःच्या नावावर करायची, इतर वारसांची लेखी संमती जोडायची. मग तुमच्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. टोकन देण्यापूर्वी बुकातला इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी ताडून पाहा. तो उजव्या अंगाला, डिस्ट्रिब्युटरच्या मागे ठोकलेला असतो. पेट्रोलचा खर्च वाचवायला अशा पुष्कळ गाड्यांत एके काळी डिझेल इंजिनं बसवली गेली. तसं असेल तर ती ‘मूळ’ गाडी नव्हे, मालक काहीही म्हणोत.

हे महत्त्वाचं अशासाठी, की जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीला गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली लागते; चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, म्हणून ते बुक जपा; ‘व्हीए’ मालिका नव्याने नोंदणाऱ्यांसाठी आहे. एक अट मात्र आधीच समजून घ्या: व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, तिथे जाणं-येणं, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच.

प्रश्न: माझ्या १९३९च्या शेव्हरोलेचं ऑइल प्रेशर गरम झाल्यावर १२-१४ पौंडांच्या वर जात नाही. मेकॅनिक २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल घाला म्हणतो.
– एक वाचक, इंदूर

उत्तर: घालू नका. २१६ घनइंचाच्या या इंजिनात तेवढंच प्रेशर असतं. गेजच ३० पौंडांपर्यंतचं आहे. प्रेशरचं तेल मेन बेअरिंगांना जातं. कनेक्टिंग रॉडना ते पन्हळीतून आणि बारीक नळ्यांच्या फवाऱ्यातून, रॉडखालच्या चमच्याने उचलून मिळतं. जाड ऑइल थंडीत तिथे नीट पोहोचत नाही आणि बॅबिट या मऊ मिश्रधातूचे बेअरिंग मार खातात. १०डब्ल्यू-३० पुरे. काळजी आवाजाची करा: वेग सोडताना खालून टकटक आली तर रॉडच्या शिम, म्हणजे बेअरिंगची फट जुळवणाऱ्या पातळ पत्र्या, बघायची वेळ झाली.

प्रश्न: २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर अशी गाडी चालेल का?

उत्तर: चालते. कॉम्प्रेशन ६.२५ : १ इतकं कमी असल्याने ऑक्टेनचा प्रश्नच नाही. त्रास रबर, कॉर्क आणि पाण्याचा. पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि होज इथेनॉल सोसणारे बसवा. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणून मिश्रण ७-८ टक्क्यांनी पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. कार्ब्युरेटरमधून उलटी फटफट होते, इंजिन तापतं. कार्टर कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मीटरिंग रॉड थोडा बारीक घातला की भागतं. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करा, नाहीतर इथेनॉल ओल ओढून घेतं आणि पाणी तळाशी बसतं.

प्रश्न: मूळ रंग फिका पडला आहे, काही ठिकाणी खालचा प्राइमर दिसतो. विकण्यापूर्वी रंगवून घेऊ का?

उत्तर: नको. जाणकार गिऱ्हाईक त्या फिक्या रंगाचेच पैसे देतं. जुन्या गाड्यांच्या मोठ्या कॉन्कोर (देखणेपणाच्या) स्पर्धांत न रंगवलेल्या गाड्यांना वेगळा वर्ग असतो. शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा तो रंग नायट्रोसेल्युलोज लॅकर आहे; रबिंग कंपाउंड जोरात फिरवलं तर कडांवरून तोही निघून जाईल. साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, सिलिकॉन नसलेलं मेण हाताने लावा, आणि उघड्या पत्र्यावर फक्त तेलाचा पुसटसा हात फिरवा.