मूलभूत हक्क की मौलिक अधिकार?

कोथरूडहून एका वाचकांनी विचारलंय : संविधान दिनासाठी मुलीला भाषण लिहून दिलं होतं. शाळेत बाईंनी त्यातलं 'मूलभूत हक्क' खोडून सगळीकडे 'मौलिक अधिकार' केलं. 'मतदान हा आपला मूलभूत हक्क आहे' हे वाक्यही त्यातून सुटलं नाही. बरोबर काय?

शब्द तुमचाच बरोबर. संविधानाच्या शासकीय मराठी प्रतीत भाग तीनचं शीर्षक 'मूलभूत हक्क' असं आहे. 'मौलिक अधिकार' हिंदी बातम्यांतून आपल्याकडे आलं असणार. गंमत अशी की संविधानाच्या हिंदी प्रतीतही 'मूल अधिकार' आहे, मौलिक नाही. शिवाय मराठीत मौलिक म्हणजे मोलाचं. 'प्रमुख पाहुण्यांनी मौलिक मार्गदर्शन केले' हे पुण्यातल्या कुठल्याही समारंभाच्या बातमीत सापडेल, पण ते मार्गदर्शन मूलभूत, म्हणजे पायाभूत, असतंच असं नाही.

'अधिकार' मात्र सरसकट चूक म्हणता येणार नाही. सातबारा काढून बघा. गाव नमुना सातचं नाव 'अधिकार अभिलेख पत्रक', आणि त्यात 'इतर अधिकार' असा रकाना, जिथे बँकेचा बोजा चढतो. तिथे अधिकार म्हणजे हक्कच. पण त्याच जमिनीवरचं बहिणीचं नाव कमी करायचं तर दस्त होतो हक्कसोडपत्राचा. 'अधिकारसोडपत्र' म्हणालात तर शिवाजीनगर कोर्टाबाहेरचा टंकलेखक मान वर करून बघेल. कायद्यांच्या नावांतही असंच : माहितीचा 'अधिकार' २००५ चा, लोकसेवा 'हक्क' २०१५ चा. दोन्हींत नागरिक सरकारकडे मागायलाच जातो, तरी शब्द वेगळे. यात नियम शोधत बसू नये.

तरी रोजच्या मराठीचा कल स्पष्ट आहे. अधिकार खुर्चीबरोबर येतो आणि खुर्चीबरोबर जातो. म्हणून अधिकारी, अधिकारपद, 'हे माझ्या अधिकारात नाही'. हक्क माणसाचा असतो. म्हणून हक्काचं घर, हक्काची रजा, 'हक्कानं सांग'. टिळकांचा 'जन्मसिद्ध हक्क' हिंदीत गेला की 'जन्मसिद्ध अधिकार' होतो, पण मराठी कानाला तो जरा सरकारी वाटतो.

संविधान समजून घ्यायला हा फरक कामाचा आहे. राष्ट्रपतींना क्षमादानाचा अधिकार आहे, संसदेला घटनादुरुस्तीचा. भाग तीनमधले हक्क हे मुख्यतः अशा अधिकारांना घातलेलं कुंपण आहे. अनुच्छेद १३ सांगतो की हे हक्क हिरावून घेणारा कायदा राज्याने करायचा नाही. केला तर तेवढ्यापुरता तो शून्य. आणि 'राज्य' म्हणजे फक्त दिल्ली-मुंबई नव्हे. अनुच्छेद १२ नुसार स्थानिक संस्थाही त्यात येतात, म्हणजे आपली महानगरपालिकासुद्धा. हक्क डावलला तर अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. हे जाणं हाही मूलभूत हक्कच. आंबेडकरांनी संविधान सभेत याच तरतुदीला संविधानाचा आत्मा म्हटलं होतं. एरवी पुणेकर अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालय गाठतो.

'नागरिकांचे मूलभूत हक्क' असं सरसकट लिहितात, तेही थोडं ढिलं आहे. भाषणस्वातंत्र्याचा अनुच्छेद १९ नागरिकांपुरता. पण कायद्यापुढील समानतेचा १४ आणि जीविताचा २१ कोणत्याही व्यक्तीला लागू होतात, मग ती फर्ग्युसन रस्त्यावर चहा पिणारी परदेशी विद्यार्थिनी का असेना.

आता बाईंनी शब्द बदलूनही चुकीचंच राहिलेलं मतदानाचं वाक्य. मतदान भाग तीनमध्ये नाहीच. प्रौढ मताधिकार आहे अनुच्छेद ३२६ मध्ये, निवडणुकांच्या भागात. मतदाराच्या वयाची २१ ची अट १८ वर आली ती ६१ व्या घटनादुरुस्तीने. मालमत्तेचा हक्क पूर्वी भाग तीनमध्ये होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो तिथून काढला आणि अनुच्छेद ३००क मध्ये ठेवला. म्हणजे घटनेत असलेला प्रत्येक हक्क 'मूलभूत' नसतो. मुलीच्या भाषणात 'मतदान हा आपला घटनेने दिलेला हक्क आहे' असं करा. आणि मतदान करून आल्यावर 'हक्क बजावला' म्हणायला काहीच हरकत नाही.