आधी माप, मग करवत

प्रश्न: घरच्या स्टुडिओचं टेबल स्वतःच करतोय. रॅकच्या मशीनसाठी (म्हणजे चौकटीत एकावर एक बसवायच्या आवाजाच्या यंत्रांसाठी) खण केवढा ठेवू?
– एक वाचक, परभणी

उत्तर: रॅक-मशीनची दर्शनी पट्टी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिमी. लातूरला पहिलं टेबल केलं तेव्हा मी दोन फळ्यांत बरोबर १९ इंचच ठेवले. मग हौसेनं आतून सनमायका चिकटवला. दोन्हीकडून एकेक मिमी गेला अन् मशीन काही आत शिरेना. अख्खी दुपार कानस घासत बसलो! तुम्ही सव्वाएकोणीस ठेवा, तेही सनमायका लावल्यावर मोजून. मशीनची उंची ‘यू’ या रॅकच्या मापात मोजतात; एका ‘यू’ला पावणेदोन इंच. प्लाय १८ मिमीचा घ्या. खणाची पाठ मात्र उघडी सोडा, आपल्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊकच आहे. स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा भोंगा, तुम्ही खुर्चीत बसल्यावर कानाच्या रेषेत यावा; खुर्ची आधी आणा, मग टेबलाचे पाय कापा.