सिग्नल नसलेल्या जागी म्हाताऱ्या आईला घेऊन नागपूरचा वर्धा रोड कसा ओलांडावा?

72 वर्षांच्या आईला घेऊन मेट्रोच्या खांबांखालून रोज पलीकडे जावं लागतं, सिग्नल थोडा लांब आहे, तर पाऊल नेमकं कधी टाकावं, असं तुम्ही विचारलंय. सिग्नल दोनशे-तीनशे पावलांवर असेल तर चालत तिथेच जा. ते जमणारच नसेल तर आधी आईचा वेळ मोजा.

गल्लीत टेपने 10 मीटर आखा, आईला तिच्या नेहमीच्या चालीने चालू द्या आणि घड्याळ लावा. धडधाकट माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो, या वयात हा वेग 0.8 पर्यंतही खाली येऊ शकतो. तीन लेनची एक बाजू साधारण 10.5 मीटर, म्हणजे 13 सेकंद. पाय अडखळला, चप्पल निघाली तर म्हणून 3 सेकंद वर धरा. या 16 सेकंदांत ताशी 50 ने येणारी गाडी 220 मीटर कापते! आपण मात्र 'गाडी लांब आहे' एवढंच बघतो, तिचा वेग डोळ्यांना नीट कळत नाही. चूक होते ती इथेच.

म्हणून फुटपाथवर उभं राहून लांबची एक खूण धरा: एखादा बोर्ड, एखादं झाड. तिथून गाडी तुमच्यापर्यंत यायला किती सेकंद लागतात ते आठ-दहा गाड्यांवर मोजा. सगळ्यात जोरात आलेल्या गाडीलाही 16 सेकंद लागले, तर ती खूण तुमच्या कामाची. खुणेच्या अलीकडे एकही गाडी नसेल तेव्हाच निघा.

आता दुभाजक. एका दमात सगळा रस्ता ओलांडू नका, मध्ये थांबा. पण खांबाच्या आडून निघू नका. तुमचं पाऊल रस्त्यावर पडेपर्यंत गाडीवाल्याला तुम्ही दिसतच नाही. दुसऱ्या अर्ध्यात गाड्या डावीकडून येतात, म्हणून खांब तुमच्या उजव्या हाताला राहील असं उभं राहा. आईला उजवीकडे ठेवा आणि तिचा दंड धरा, नुसती बोटं नको. राँग साइडने दुभाजकालगत दुचाक्या येतात, त्यामुळे निघण्याआधी उजवीकडेही बघाच.

एप्रिल-मेच्या दुपारी आणखी एक धोका असतो. रखरखीत उन्हातून पुलाच्या सावलीत शिरलेल्या चालकाला काही क्षण अंधुक दिसतं. अशा वेळी गडद साडीपेक्षा पांढरा दुपट्टा बरा. उड्डाणपूल जिथे खाली उतरतो तिथे तर ओलांडूच नका, उतारावरून गाड्या वेगातच येतात. थांबलेल्या बसच्या पुढूनही नाही.

गाडी चालवणाऱ्यांसाठीही थोडं सांगतो, कारण तुम्ही स्वतःही चालवत असाल. कोरड्या रस्त्यावर ताशी 50 ला ब्रेक लावेपर्यंतचा एक सेकंद धरून गाडी थांबायला सुमारे 30 मीटर लागतात, ताशी 30 ला 14. पावसात त्याहून जास्त. शेजारच्या लेनमधली गाडी झेब्रापाशी थांबली असेल तर हॉर्न वाजवत पुढे काढू नका. तिच्यापुढून कोणीतरी चालत येतंय असं समजून ब्रेक दाबा. स्वतः थांबाल तेव्हा झेब्राच्या दोन-तीन मीटर अलीकडे थांबा, म्हणजे पलीकडच्या लेनमधून येणाऱ्यालाही रस्ता ओलांडणारं माणूस दिसेल.