साखरेआधी पोटॅशियम

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. मधुमेही रुग्णाच्या ग्लुकोमीटरवर आकड्याऐवजी ‘हाय’ उमटले (साखर यंत्राच्या मापापलीकडे गेली) की सर्वांत आधी इन्सुलिन द्यावे का, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. हा बहुधा ‘कीटोॲसिडोसिस’ असतो, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात कीटोन नावाची आम्ले साचतात. त्या घटकेला रुग्णाचा जीव साखरेपेक्षा शरीरातले पाणी, पोटॅशियम आणि रक्तातले आम्ल यांवर अधिक अवलंबून असतो. म्हणून सुरुवात ०.९ टक्क्यांच्या सलाईनने करावी. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे नसेल, तर प्रौढ रुग्णाला पहिल्या तासात साधारण एक लिटर द्यावे. नुसत्या पाण्यानेही साखर उतरू लागते, हे नातेवाइकांनाही सांगावे, कारण ‘अजून इन्सुलिन का देत नाही’ हा त्यांचा तगादा सुरूच राहतो.

पोटॅशियमबाबत मात्र कोणाच्याही तगाद्याला बधू नकोस. इन्सुलिनच्या अभावी आणि आम्लतेमुळे पेशींतले पोटॅशियम रक्तात उतरते व लघवीवाटे वाहून जाते. त्यामुळे अहवालात ते नेहमीइतके किंवा जास्तही दिसले, तरी शरीरातला साठा आटलेलाच असतो. इन्सुलिन सुरू झाले की उरलेसुरलेही पेशींत शिरते आणि हृदयाची लय बिघडू शकते. पोटॅशियम ३.५ (मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर) च्या खाली असेल, तर ते भरून येईपर्यंत इन्सुलिन रोखून धरावे. ३.५ ते ५ असेल आणि लघवी होत असेल, तर सलाईनच्या ५०० मिलिच्या प्रत्येक बाटलीत २० मिलिइक्विव्हॅलंटच्या पोटॅशियम अँप्यूलचा अर्धा भाग, म्हणजे १० मिलिइक्विव्हॅलंट, मिसळून बाटली नीट हलवावी. पोटॅशियम शिरेत थेट कधीही ढकलू नये. रात्री प्रयोगशाळा बंद असली तरी ईसीजी काढता येतो. चपटी टी लहर आणि तिच्यामागे यू लहर दिसली तर पोटॅशियम कमी असल्याचा संशय घ्यावा, उंच टोकदार टी दिसली तर वाढल्याचा. मात्र ईसीजी नेहमीसारखा आला म्हणून निर्धास्त राहू नये.

इन्सुलिनचा वेग दर किलो वजनामागे ताशी ०.१ युनिट. आपल्याकडे ४० आणि १०० युनिट प्रति मिलि अशा दोन्ही ताकदींची इन्सुलिने फिरतात, म्हणून कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा परिचारिकेसमोर मोठ्याने वाचून जुळवावा. ५० मिलिच्या सिरिंज पंपात ५० युनिट भरायची, तर ४० च्या कुपीतून सव्वा मिलि लागते, १०० च्या कुपीतून अर्धा. साखर २५० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली आली की इन्सुलिन बंद करू नये. वेग निम्मा करून डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचे सलाईन) जोडावे, कारण आम्ल अजून उतरायचे असते. आम्ल मारायला सोडिअम बायकार्बोनेट देण्याचा मोह रक्ताचा पीएच (जितका कमी, तितके आम्ल जास्त) ७ च्या वर असताना तरी आवरावा.

निदानात फसवणारे रुग्णही येतील. गणपतीला आलेला चाकरमानी इन्सुलिन मुंबईच्या फ्रिजमध्येच विसरतो आणि तिसऱ्या दिवशी उलट्या व पोटदुखी घेऊन येतो. मोदकांवर खापर फुटते, पण त्याचा खोल, लांब श्वास बघावा, ती रक्तातल्या आम्लाची खूण असते. ‘ग्लिफ्लोझिन’ने नाव संपणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांत साखर २०० च्या खाली असूनही कीटोन वाढलेले असू शकतात. ग्लानीत आलेल्या वयस्क रुग्णाची साखर ६०० च्या वर असून आम्लता नसेल, तर पाणी अधिक लागते आणि साखर सावकाश उतरवावी लागते. मुलांचे गणित निराळे. मेंदूला सूज येण्याच्या धोक्यामुळे त्यांच्या बाबतीत बालरोगतज्ज्ञांशी आधी फोनवर बोलावे. साखर का चढली, हेही त्याच वेळी शोधावे. पावसाळ्यात ताप असेल, तर लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) विचार मनात ठेवावा. उतारवयात छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका आलेला असतो.

अतिदक्षतेची सोय नसेल, तर कोल्हापूरला किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात पाठवण्याची तयारी लवकर करावी, कारण दरड कोसळून घाट बंद पडला की वळसा लांबचा असतो. १०८ ची गाडी येईपर्यंत सलाईन चालू ठेवावे आणि चिठ्ठीवर किती बाटल्या गेल्या, लघवी किती झाली, शेवटचे पोटॅशियम किती व केव्हाचे आणि इन्सुलिन किती वाजता, कोणत्या वेगाने सुरू केले, हे ठळक लिहावे. पुढचा डॉक्टर ते वाचूनच दुसरी बाटली लावणार असतो.

तुझा,
सर