टाळी वाजली आणि भाची उठून गेली

"सोसायटीच्या गणपतीत माझे मिस्टर दरवर्षी साडी नेसून, टाळ्या वाजवत एक पात्र करतात. ते स्टेजवर आले की संवादाच्या आधीच हशा पिकतो. यंदा बहिणीची मुलगी आली होती. जन्माने मुलगा, 'मी मुलगी आहे' हे तिने दोन वर्षांपूर्वी घरी सांगितलं. नाटुकलं अर्ध्यात असताना ती उठून गेली, प्रसादाचा द्रोण खुर्चीवर तसाच. मिस्टर म्हणतात, कुणाला उद्देशून नव्हतं. ताई, आमचं चुकलं का? मीही हसले होते."
– एक मावशी, सांगली

मावशी,

हो, चुकलं.

संवादाच्या आधीच हशा पिकतो, हे तुम्ही सहज लिहून गेलात. मी मात्र तिथेच अडकले. अजून कुणी काही बोललेलंच नाही, मग लोक हसले कशाला? पदराला, घोगऱ्या आवाजाला, टाळीला. असं माणूस असतं, एवढ्यालाच. ती टाळी तुमच्या भाचीने बसस्टॉपवर, कॉलेजच्या जिन्यात पाठीमागून किती वेळा ऐकली असेल! त्या संध्याकाळी ती काकांनी वाजवली.

पुरुषाने साडी नेसण्यात वावगं काहीच नाही. बालगंधर्व नेसत, आणि घरंदाज बायका त्यांचं बघून साडी नेसायला शिकत. उलट गणपत पाटलांनी तमाशापटांत नाच्या रंगवला, तर लोकांनी त्या संसारी माणसाला पडद्याबाहेरही हिणवलं. नटाला एवढं सोसावं लागलं. तुमच्या भाचीला तर उतरवून ठेवायला वेषच नाही.

तृतीयपंथी पात्र विनोदी नाटकात नकोच, असं मी म्हणणार नाही. ते फटकळ असू दे, भाड्याने घर मागायला येऊन चेअरमनची भंबेरी उडवू दे. मी पहिल्या रांगेत बसून हसेन.

तृतीयपंथीयांच्या शाब्दिक छळाला 2019च्या कायद्याने शिक्षा ठेवली, पण घरात कायदा काढू नका. मिस्टर गप्प बसतील, त्यांना कळणार काहीच नाही. कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलंच असेल. ते दोघं मिळून बघा आणि पहिला हशा कुठे येतो ते त्यांनाच दाखवायला सांगा.

मग फोन त्यांनी करायचा, तुम्ही नव्हे. तिने निवडलेल्या नावाने हाक मारून. 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' हे अजिबात नको. 'माझं चुकलं, ते पात्र मी पुन्हा करणार नाही,' बस्स. तिने फोन उचलला नाही तर दोन दिवसांनी परत करायचा. रागावायचा तिला हक्क आहे.

तुम्ही हसलात, ते तिने पाहिलं असणार. ते तुमचं तुम्ही तिला सांगा, समोर बसून. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला आग्रहाने बोलवा. सगळ्या बायकांच्या रांगेतच बसवा, कुंकू लावा, वाण द्या.

– तुमची ताई